भिवाजी वस्तादानं राखून न ठेवलेला डाव

भिवाजी शेडग्याला त्याची आईसुद्धा वस्ताद म्हणायची. पोटच्या पोराला अशी हाक मारताना सुरवातीला तिला हसू यायचं, पण आंबेटेकाची रीतच तशी होती. भैरवनाथाच्या सभामंडपात म्हाताऱ्या गेणबा वस्तादानं स्वतःच्या डोक्यावरचा फेटा उतरवून भिवाजीच्या डोक्याला बांधला, आणि त्या दिवसापासून त्याचं पाळण्यातलं नाव गावातून उठलं. पाटलापासून पाणक्यापर्यंत सगळ्यांच्या तोंडी एकच, वस्ताद.

आंबेटेक म्हणजे मुळशीच्या डोंगरातलं भाताचं गाव. पावसाळ्यात चिखलात रुतलेलं आणि उन्हाळ्यात पाण्यासाठी वणवण करणारं. गावाला मिरवायला दुसरं काही नव्हतं, एक ढोल-लेझमीचा ताफा तेवढा होता. पौडच्या बाजारात आंबेटेकचा माणूस दिसला की लोक विचारायचे, "औंदा कोणचा नवा डाव बसवलाय वस्तादानं?" आणि तो माणूस, मग स्वतःला धड टाळीसुद्धा तालात येत नसली तरी, छाती काढून उत्तर द्यायचा.

तसा हा शब्द गावात आणखी एका कामाला यायचा. बाजारात कुणी मापात मारलं, शेजाऱ्यानं बांध सरकवला, की बाया म्हणायच्या, "लई वस्ताद हाय मेला!" एकच शब्द, पण एकदा मान लववून बोलायचा आणि एकदा नाक मुरडून. कुठला अर्थ घ्यायचा ते बोलणाऱ्याच्या आवाजावरनं कळे.

फेटा बांधला त्या दिवशी गेणबानं भिवाजीला पायरीवर बसवून विचारलं होतं, "वस्ताद म्हंजे काय, सांग बरं?"

"ज्याला ढोलाचे समदे हात, समदे ठेके येत्यात त्यो."

"चूक. हात काय, म्हशीमागच्या पोरालाबी येत्यात. ढोल अंगात आला की मानूस थांबत न्हाई. त्यो ज्याच्या शिट्टीनं थांबतो, त्यो वस्ताद. वाजवाया समद्यांना येतंय बाबा, थांबवाया एकालाच."

भिवाजीनं हे जपलं. ताफ्यात चाळीसेक गडी, त्यात भाऊबंदकीनं एकमेकांचं तोंड न बघणारेही होते. पण दिवेलागणीला देवळापुढं ढोलाची पानं, म्हणजे वरची कातडी, शेकायला जाळ केला की सगळे त्याच्याभोवती गोळा व्हायचे. भिवाजी उंचीनं बेताचा, आवाजानं त्याहून बेताचा. ओरडायचा म्हणून नाही. चुकणाऱ्याच्या समोर जाऊन नुसता उभा राहायचा, आणि त्या माणसाचे हात आपोआप ताळ्यावर यायचे. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेली पितळी शिट्टी. ती वाजली की ढोल, ताशे, झांजा, लेझमी, सगळं एका क्षणात गप. मागं उरायचा तो फक्त डोंगरावरून परत येणारा आवाज.

भिवाजीला दोन मुली. दोघी लग्न होऊन पिरंगुटाकडं नांदत होत्या. मुलगा नव्हता. पण त्याची उणीव त्याला वाटली नाही, कारण घरात वाल्मीक होता.

वाल्मीक त्याच्या बहिणीचा, चंद्राबाईचा मुलगा. चंद्राबाईचं सासर धरणात गेलेलं. ती तिथं नांदायला जायच्या आधीच सासऱ्याची जमीन पाण्याखाली होती, पण लग्न ठरवताना माणसं म्हणाली होती, भरपाई मिळेल, दुसरीकडं शेत घेऊ. भरपाईचं काय झालं ते कुणालाच नीट ठाऊक नाही. नवरा दुसऱ्यांच्या रानात राबून राबून गेला आणि चंद्राबाई कडेवर पोर घेऊन भावाच्या दारात आली. भिवाजीनं घराच्या अंगाला तिला वेगळं खोपटं घालून दिलं, पण पोराचं ताट आपल्याच घरी मांडलं.

वाल्मीकचा हात उपजत होता. ढोल त्याच्या कमरेला बांधला की असं वाटायचं, हा ढोल घेऊनच जन्माला आलाय. तो भिवाजीला मामा म्हणत नसे. घरात, जेवताना, शेतावर, कुठंही वस्तादच म्हणे. भिवाजीला ते मनातून फार आवडायचं. मामा काय, नशिबानं कुणीही होतो.

जाणती माणसं सांगायची की वस्ताद शिष्याला सगळं देतो, पण एक डाव राखून ठेवतो. कधी शिष्य उलटला तर कामी यावा म्हणून. भिवाजीकडंही असा एक होता. त्याला पालखीचा हात म्हणत. वर्षातून एकदा, चैत्री जत्रेला भैरवनाथाची पालखी देवळाच्या पायऱ्या उतरते, तेवढ्या वेळापुरता तो वाजायचा. बाकी ताफा लेझमी खाली धरून उभा आणि एकटा वस्ताद पहिला ढोल घेऊन तो हात वाजवणार. पालखी जमिनीला लागली की हात संपला. गेणबानं तो भिवाजीला दिला तो शेवटच्या आजारात, अंथरुणावर पडल्या पडल्या, पितळी ताटावर बोटं आपटून.

भिवाजीनं मात्र एवढं थांबायचं नाही असं ठरवलं. भात झोडून झालं होतं, खळ्यावर दोघंच होते. त्यानं वाल्मीकला जवळ बसवलं आणि दोन दुपारी खर्चून पालखीचा हात त्याच्या हातात उतरवला. घरी येऊन बायकोला, सगुणाबाईला, सांगितलं तर ती भाकरी थापता थापता थांबली.

"समदंच दिलंत? एखादा तरी राखायचा व्हता."

"भाच्यापास्नं काय राखायचं?" भिवाजी हसला. "औंदाच्या जत्रंत त्येच्या डोक्याला फेटा बांधतो. माजं गुडघं आता ऐकत न्हाईत."

तव्यावरची भाकरी करपली.

त्याच साली पंचायत समित्या नव्यानं व्हायच्या होत्या. खोऱ्यात जिकडं तिकडं तेच बोलणं. आंबेटेकचा हैबतराव उभा राहणार होता. भाताची गिरणी, दारात जीप, पुण्याला ऊठबस. माणूस गोड. कुणाच्या दारात मयत झाली तर पहिला हजर, आणि लग्नात अक्षता टाकायलाही पहिला. फाल्गुनात एके सकाळी तो भिवाजीच्या ओट्यावर येऊन टेकला. चहा झाला.

"वस्ताद, एक काम व्हतं. प्रचाराला ताफा पायजे. गावोगाव. पुढं ढोल, मागं जीप."

भिवाजीनं कप खाली ठेवला. "न्हाई जमायचं, हैबतराव."

"का? मी काय परका हाय?"

"तसं न्हाई. ताफ्यातलं निम्मं गडी तुमच्या अंगाचं, निम्मं तुमच्याइरुद्ध उभा ऱ्हातोय त्येच्या. आज तुमच्यापुढं वाजवलं की उद्या लेझमीच्या दोन रांगा दोन गावच्या हुत्याल. ढोल देवापुढं वाजतोय, लग्नात वाजतोय, गणपतीत वाजतोय. मतापुढं न्हाई वाजायचा. तुमी माझ्या शेजारचं हायसा, मत मी तुमालाच देईन. पर ताफा मागू नका."

हैबतराव हसला आणि उठता उठता भिवाजीच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "वस्ताद, तुमी खरंच लई वस्ताद हायसा."

कुठल्या अर्थानं म्हणाला, ते भिवाजीला कळलं. पण त्यानं मनाला लावून घेतलं नाही. वाल्मीक तिथंच खांबाला टेकून उभा होता. त्यानं रिकामे कप उचलून आत नेले.

त्यानंतर वाल्मीक तालमीला यायचा, पण गप्प गप्प. कधी म्हणायचा पौडला गेलो होतो, कधी म्हणायचा आईला बरं नाही. भिवाजीला वाटलं, पोरगा फेट्याच्या ओझ्यानं बावरलाय. आपणही असेच बावरलो होतो. त्यानं पेटीतला गेणबाचा फेटा काढून उन्हात घातला, सगुणाबाईकडून एका कडेची शिवण घालून घेतली आणि घडी करून परत ठेवला.

जत्रेचा दिवस उजाडला. भिवाजी सकाळी अंघोळ करून, फेट्याची घडी बगलेत धरून देवळापुढं आला आणि जागच्या जागी थबकला. पालखीच्या वाटेवर लाकडी फळ्यांचं स्टेज उभं होतं. वर गादी, तक्के, आणि झाडाला बांधलेला कर्णा. स्टेजखाली नवेकोरे ढोल मांडले होते, पितळी कड्यांचे, लाल गोंड्यांचे. त्याच्या ताफ्यातले गडी सारख्या पांढऱ्या सदऱ्यांत रांगेनं उभे होते. कुणी त्याच्याकडं बघेना. कोंडिबा, जो त्याच्याबरोबर लहानपणापासून झांज वाजवत आलेला, तो वाकून चपलेचा अंगठा नीट करत बसला. अंगठा तुटलेला नव्हता.

कर्ण्यातून आवाज आला. पुण्याहून कुणी बोलणारा आणला होता. "आता आपल्या खोऱ्याचे लाडके नेते हैबतराव यांच्या शुभहस्ते, आंबेटेक ढोल-लेझीम पथकाचे नवे वस्ताद, श्री. वाल्मीक यांना फेटा बांधण्यात येत आहे."

भिवाजीला आधी वाटलं, आपण ऐकलं ते चुकीचं. मग त्याला स्टेजवर वाल्मीक दिसला. मान खाली. हैबतराव नवा केशरी फेटा त्याच्या डोक्याला गुंडाळत होता. धड बांधताही येत नव्हता त्याला. दुसऱ्या एकानं पुढं होऊन शेमला खोचला. टाळ्या पडल्या. वाल्मीक खाली उतरला, पहिला ढोल कमरेला बांधला, आणि हैबतराव गादीवर बसत असताना त्यानं टिपरू उचललं.

पालखीचा हात.

पालखी अजून देवळातच होती. पुजारी दाराशी उभा राहून गोंधळल्यासारखा बघत होता. आणि इकडं तो हात, जो फक्त देव पायऱ्या उतरताना वाजायचा, तो गादीवर रेलून बसणाऱ्या माणसापुढं वाजत होता. वाल्मीकनं एकही ठोका चुकवला नाही. हेच भिवाजीला जास्त लागलं. त्यानं शिकवलं होतं तसंच, खळ्यावर बसून शिकवलं होतं तसंच, ठोक्याला ठोका.

भिवाजीचा हात गळ्यातल्या शिट्टीवर गेला. ती ओठांपर्यंत आली. आजूबाजूच्या दोन-चार बाया बघत होत्या. एकीनं तोंडाला पदर लावला. एक फुंकर मारायची की झालं. इतक्या वर्षांत त्याच्या शिट्टीनंतर एकही ढोल पुढं वाजला नव्हता.

पण आज वाजला तर?

शिट्टी वाजवली आणि ते थांबले नाहीत, तर मग आपण कोण? न वाजवता निदान एवढं तरी उरेल की थांबले असते. त्यानं शिट्टी हळूच सदऱ्याच्या आत टाकली आणि माघारी फिरला. घराच्या वाटेनं नाही, ओढ्याच्या अंगानं, करवंदीच्या जाळ्यांतून. मागं ढोल बराच वेळ ऐकू येत होते.

आठवडाभर गावात एकच चर्चा. म्हातारे म्हणायचे, "थांबा, वस्तादानं एक डाव राखला असंल. बघा आता काय करतोय." पोरं कट्ट्यावर पैजा लावायची. भिवाजी रस्त्यानं चालला की लोक त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी शोधायचे. त्याला ओरडून सांगावंसं वाटायचं की काही नाही राखलं बाबांनो, खळ्यावर सगळं देऊन बसलो. पण तेही सांगवेना.

जत्रेच्या दुसऱ्याच दिवशी तो चंद्राबाईच्या खोपटात गेला होता. ती शेणगोठा करून हात धूत होती. भावाला बघून तिनं घोंगडी टाकली. तो बसला नाही.

"तुला ठावं व्हतं?"

चंद्राबाईनं पदराला हात पुसले. खोटं बोलायचा तिचा स्वभाव नव्हता.

"व्हय."

"कधीपास्नं?"

"शिमग्यापास्नं. हैबतराव हितं आलतं. म्हनलं, वाल्मीकला पुन्यात कारखान्यात चिकटवतो. कायमचं काम. फकस्त येवढं करायचं."

"आन् तू मला एका सबदानं बोलली न्हाईस. माझ्या ताटात जेवलाय त्यो."

"जेवलाय की. मी कुटं न्हाई म्हनतीया?" चंद्राबाईचा आवाज चढला, मग फाटला. "दादा, तुजं शेत हाय. तू फेटा बांध, न्हाईतर सोड, तुझ्या चुलीत जाळ हाय. आमचं शेत पान्याखाली हाय. तू त्येला फेटा देणार व्हतास. फेटा पांघरून झोपायचं का त्येनं? तुला इचारलं असतं तर तू न्हाई म्हनला असतास. म्हनून इचारलं न्हाई."

भिवाजीकडं उत्तर होतं. तो म्हणू शकला असता की निम्मं शेत मी त्याच्या नावानं करणार होतो. खरंही होतं ते, मनात होतं. पण मनातलं कधी बोललो नाही ते आता बोललं तर सौद्यातल्या बोलीसारखं दिसेल, असं वाटून तो तसाच बाहेर पडला. त्या दिवसानंतर बहिणीशी तो कामापुरतं बोलला. दिवाळीची ओवाळणी मात्र चुकवली नाही. पाटावर बसायचा, तिनं ओवाळलं की ताटात चोळी घालायचा, आणि उठायचा.

हैबतराव निवडून आला. त्यानं शब्दही पाळला. वाल्मीक पावसाळ्याआधी पुण्याला कारखान्यात लागला. आणि वस्ताद हा शब्द खोऱ्यात स्वस्त झाला. हैबतराव जिथं सभा घेई तिथं कुणा ना कुणाला फेटा बांधी. एक भजनाचा वस्ताद, एक कुस्तीचा, एक नुसताच वस्ताद. पौडच्या बाजारात एकाला हाक मारली तर तिघं वळून बघायचे. आंबेटेकातल्या बायांना आता शब्द कुठल्या आवाजात बोलायचा ते समजेना, म्हणून त्यांनी तो नाक मुरडूनच बोलायला सुरवात केली.

भिवाजीनं स्वतःहूनच तो टाकला. कुणी वस्ताद म्हणून हाक मारली की तो वळायचा नाही. "भिवाजी म्हना," म्हणायचा. जीभ वळायला लोकांना दोन वर्षं लागली. त्याची म्हातारी आई तेवढी अखेरपर्यंत वस्तादच म्हणत गेली. तिला कानानं कमी ऐकू येत होतं, आणि जत्रेत काय झालं ते तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

पुढच्या जत्रेला वाल्मीक आला. टेरिकॉटचा शर्ट, हातात घड्याळ. आईला लुगडं आणलं होतं. संध्याकाळी तो भिवाजीच्या अंगणात येऊन उभा राहिला. भिवाजी कुदळीला दांडा बसवत होता.

"मामा," वाल्मीक म्हणाला.

भिवाजीचा हात थांबला. आयुष्यात पहिल्यांदा हा पोरगा त्याला मामा म्हणत होता.

"वस्ताद म्हनाया तोंड न्हाई ऱ्हायलं माजं. म्हनून मामा म्हनतो."

"त्ये तरी कशाला म्हनतोस?"

"मला मागं फिरायचं व्हतं, मामा. त्या दिवशी. स्टेजवर चढलो तवा तुमी दिसला. मला वाटलं, तुमी शिट्टी मारताल. तुमी शिट्टी मारली असती तर मी हात थांबवला असता. देवाशप्पथ."

भिवाजी त्याच्याकडं बघत राहिला. खरं बोलत होता का आता सुचलेलं बोलत होता, ते कळायला मार्ग नव्हता. आणि खरं असेल तर ते ऐकणं जास्त जड होतं.

"जा आता," तो म्हणाला. "आईनं भाकरी केली असंल."

वाल्मीक पाया पडायला वाकला. भिवाजीनं पाय मागं घेतले नाहीत, पण पाठीवर हातही ठेवला नाही.

वाल्मीक पुण्याचा झाला. सुट्टी मिळेल तसा यायचा, मग येईनासा झाला. इकडं ताफ्याला कुणी धनी उरला नाही. भिवाजी म्हणाला होता तेच झालं, लेझमीच्या दोन रांगा दोन पक्षांच्या झाल्या. एका गणपतीत तर भर मिरवणुकीत झांजेनं झांज फोडली. नव्या ढोलांचे लाल गोंडे उंदरांनी खाल्ले.

शेवटी एका भाद्रपदाच्या आधी कोंडिबा पुढं झाला. दोन्ही बाजूंचे चार-पाच जाणते बरोबर घेतले आणि भिवाजीच्या ओट्यावर येऊन बसला. बरोबर बहिरू होता. डोंगरावरच्या वाडीतला, गुरं राखणारा, विशीतला गडी. अंगानं काटक आणि ढोल अंगात भिनलेला. भिवाजीनं त्याला दुरून ऐकलं होतं. दोन्ही पक्षांचे लोक त्याला मानत होते, कारण तो कुणाचाच नव्हता.

"वस्ताद," कोंडिबा म्हणाला, आणि जीभ चावून सुधारलं, "भिवाजी. झालं गेलं आमी चुकलो. मी तर लई चुकलो. त्या दिवशी तुझ्याकडं बघाया पायजे व्हतं, मी चपलीकडं बघितलं. आता ह्या पोराला फेटा बांध. तुझ्या हातचा फेटा असंल तर समदे ऐकत्याल. हैबतरावाच्या फेट्याला कोन इचारतंय?"

बहिरू हात जोडून उभा होता. सगुणाबाई उंबऱ्यात आली होती.

भिवाजी म्हणाला, "पोरगं चांगलं हाय. माझ्यापरीस चांगलं हुईल. पर मी न्हाई बांधत."

"का?"

"बांधताना समोरच्याच्या डोळ्यांत बघावं लागतंय, कोंडिबा. मी ह्येच्या डोळ्यांत बघीन आन् मला वाल्मीक दिसंल. मग ह्येच्यात काय खोट हाय ती हुडकीत बसंन. तसला फेटा बांधून काय उपेग? पोराला शाप लागंल."

माणसं समजावत राहिली. भिवाजी हलला नाही. शेवटी ती उठली. बहिरू जाताना उंबऱ्याला हात लावून गेला.

ती गेल्यावर सगुणाबाई म्हणाली, "रुसला वाल्मीकवर आन् दंड ह्या पोराला. गेणबा बाबांनी तुमच्या हातात दिलं त्ये काय तुमच्या बापाचं व्हतं?"

"न्हवतं," भिवाजी म्हणाला.

"मग?"

"मग काय. माझ्याच्यानं हुईत न्हाई, सगुना. मी काय करू?"

एवढ्या वर्षांच्या संसारात तो असा कधी बोलला नव्हता. सगुणाबाई त्याच्याशेजारी टेकली.

बहिरूनं ताफा उभा केला. फेट्याशिवाय, नावाशिवाय. लोक त्याला बहिरूच म्हणत. आंबेटेकात त्यानंतर कुणी वस्ताद झाला नाही. रोज दिवेलागणीला देवळापुढं ढोल सुरू व्हायचे आणि वाऱ्यावर भिवाजीच्या ओट्यापर्यंत यायचे. हात चांगला होता, पण तिसऱ्या फेऱ्याला लय पळायची. दरवेळी तिथंच. भिवाजीचा पाय जमिनीवर आपोआप ठेका धरायचा आणि त्या जागी अडखळायचा. समोर जाऊन नुसतं उभं राहिलं असतं तरी पोरांचे हात ताळ्यावर आले असते. सगुणाबाई दिव्याची वात सारता सारता त्याच्याकडं बघायची. भिवाजी उठायचा, आणि गोठ्यात जाऊन म्हशीपुढं वैरण टाकायचा.